हुकूमनामा हाती, पैसा दूरच

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सावकाराच्या कागदावर अंगठा उठवलेला शेतकरी आणि जप्तीचा हुकूम घेऊन त्याच्या दारात उभा राहिलेला बेलीफ, हे चित्र महाराष्ट्रातील खेड्यांना नवे नाही. दिवाणी न्यायालयाशी गरीब माणसाचा संबंध पिढ्यान्‌पिढ्या आला तो याच बाजूने, प्रतिवादी म्हणून. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण त्या अनुभवातून आली आहे. परंतु ज्या परिस्थितीत ती म्हण रूढ झाली, ती परिस्थिती कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत निदान अर्धी तरी पालटली आहे. येथील कष्टकरी आज केवळ देणेकरी राहिलेला नाही. तो येणेकरीही झाला आहे आणि त्याचे येणे बुडत आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाल्यापासून या भागातील जमिनीचे रूप बदलले. नेरळपासून कशेळे-खांडसपर्यंत आणि चौकपासून खोपोलीपर्यंत फार्महाऊस, रिसॉर्ट, बंगल्यांच्या वसाहती आणि इमारती उभ्या राहिल्या. त्या उभारल्या गवंड्यांनी, सुतारांनी, फरशी बसवणाऱ्यांनी, रंगाऱ्यांनी, पाण्याचे टँकर आणि खडी-विटांचे टेंपो चालवणाऱ्यांनी आणि ठाकूर-कातकरी वाड्यांतून रोज उतरणाऱ्या मजुरांनी. काम चालू असते तोवर उचल मिळत राहते. काम संपत आले की शेवटचा हप्ता ‘पुढच्या आठवड्यावर’ जातो आणि तेथेच राहतो. ही रक्कम काही हजारांची असते, फार तर चाळीस-पन्नास हजारांची. वकील लावावा इतकी ती मोठी नसते आणि विसरून जावे इतकी लहानही नसते. कारण त्या घराचे ते चार-सहा महिन्यांचे अन्न असते.

अशा लहान येण्यासाठी माणसाने स्वतः न्यायालयात उभे राहावे काय, आणि निकाल आपल्या बाजूने लागला तर पैसा पदरात कसा पाडून घ्यावा, हा आजचा विषय आहे. या दोन प्रश्नांपैकी पहिला वाटतो तितका अवघड नाही आणि दुसरा वाटतो तितका सोपा नाही. आपल्या चळवळीत पहिल्याची चर्चा कधीमधी होते, दुसऱ्याची जवळजवळ होतच नाही.

प्रथम थोडा इतिहास. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि पाहता पाहता पुणे-नगर भागात दंगे पसरले. शेतकऱ्यांचा राग प्रामुख्याने कर्जरोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. ते कागद त्यांनी हिसकावून जाळले. या दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालण्याची प्रथा त्याने बंद केली, रोख्यावरील आकड्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला आणि शंभर रुपयांपर्यंतच्या वादांत वकिलांना सर्वसाधारणपणे मज्जाव केला. लहान वादात दोन्ही पक्षांनी स्वतःच बोलावे, हा विचार म्हणजे काही आजच्या कोण्या सुधारकाची कल्पना नव्हे. या महाराष्ट्रात तो दीडशे वर्षांपूर्वी कायद्यात उतरला होता.

कर्जत तालुक्यालाही या परंपरेतील एक मोठे नाव लाभले आहे. माथेरानचे भाई कोतवाल, म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, यांना सारा महाराष्ट्र ओळखतो तो आझाद दस्त्याचे नेते आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर धारातीर्थी पडलेले हुतात्मे म्हणून. ते कायद्याचे पदवीधर होते, याची आठवण मात्र कमी ठेवली जाते. वकिली शिकलेल्या या माणसाने शेतकऱ्याला सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून धान्यकोठ्या काढल्या आणि खेड्यापाड्यांत शाळा चालवल्या. कायद्याचे ज्ञान आणि लोकांची संघटना ही दोन्ही एकत्र असल्याशिवाय गरिबाच्या हाती काही लागत नाही, हा त्यांच्या कामाचा अर्थ आहे. आजच्या विषयाचेही सार तेच आहे.

आता प्रत्यक्ष मार्गाकडे वळू. मुंबईत १८८२ च्या कायद्याखालचे स्वतंत्र लघुवाद न्यायालय आहे. कर्जत-खालापूरला तसे स्वतंत्र न्यायालय नाही. तेथे लहान येण्याचा दावा कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढेच चालतो. दिवाणी प्रक्रिया संहितेने पक्षकाराला स्वतः हजर राहण्याचा आणि स्वतःचे म्हणणे मांडण्याचा हक्क दिलेला आहे आणि तालुका न्यायालयाची भाषा मराठी आहे. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने दरवाजा उघडा आहे. काम येथे झाले असेल, पैसे येथे द्यायचे ठरले असतील, तर ठेकेदार ठाण्याचा असो वा मुंबईचा, दावा येथेच लावता येतो. मजुराने मुंबईला खेपा घालण्याचे कारण नाही.

दावा लावण्यापूर्वी मागणीची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पोचपावती जपून ठेवावी. दाव्यात चार गोष्टी स्वच्छ असाव्यात: कोणाशी काय ठरले, काम केव्हा पूर्ण झाले, किती मिळाले, किती बाकी राहिले. मुदतीच्या कायद्याप्रमाणे केलेल्या कामाच्या पैशासाठी तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. ‘देतो, देतो’ या तोंडी आश्वासनाने मुदत वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर मात्र तेथून नवी मुदत सुरू होते. म्हणून तगाद्याला गेलेल्या माणसाने रिकाम्या हाती परतताना निदान एवढी कबुली लिहून आणावी.

पुराव्याचा प्रश्न अधिक कठीण आहे. उक्त्या कामाचा करारनामा कोणी करत नाही. तरीही पुरावा अगदीच नसतो असे नाही. हजेरीची वही, मापांची चिठ्ठी, बँकेत आलेली उचल, मोबाइलवरचे संदेश, त्याच कामावरचे सोबती, हे सारे पुरावेच आहेत. मोबाइलमधील मजकूर पुराव्यात आणायचा तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, एवढे ध्यानात ठेवावे. देणे लेखी कराराने, वचनचिठ्ठीने किंवा हुंडीने ठरलेले असेल, तर संहितेच्या ३७ व्या आदेशाखाली संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत प्रतिवादीला हजेरी द्यावी लागते आणि बचाव करण्यासाठी न्यायालयाची परवानगी मिळवावी लागते. साध्या कागदावरच्या दोन ओळींच्या कराराचे मोल किती आहे, हे यावरून समजावे.

स्वतः उभे राहणे हा हक्क आहे, परंतु ते काही व्रत नव्हे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि अपंग यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. त्यांना उत्पन्नाचा दाखला देण्याची अट नाही. इतरांना उत्पन्नमर्यादेत तो मिळतो. खांडस भागातील कातकरी मजुराने हा हक्क मागावा आणि कार्यकर्त्याने त्याला तालुका विधी सेवा समितीपर्यंत पोचवावे. शिवाय वकिलांच्या १९६१ च्या कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे एखाद्या विशिष्ट प्रकरणापुरती वकील नसलेल्या व्यक्तीलाही हजर राहण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते. ही परवानगी न्यायालयाच्या मर्जीची बाब आहे. ती मागणारा कार्यकर्ता त्या कामाचा एक पैसाही घेणारा नसावा. कोर्टाच्या आवारात दलालांची वाण नाही, त्यात आपल्या माणसाची भर पडू नये.

येथवरचा रस्ता चालून जाण्यासारखा आहे. अनेकदा प्रतिवादी येतच नाही आणि एकतर्फी हुकूमनामा होतो. वादीला वाटते, जिंकलो. वस्तुतः येथे केवळ अर्धा रस्ता संपलेला असतो. समन्स नीट बजावले गेले नव्हते, अशी तक्रार करून प्रतिवादी एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेऊ शकतो. म्हणून प्रतिवादीचे पूर्ण नाव, राहण्याचा आणि धंद्याचा पत्ता दाव्यातच अचूक असावा. ‘शर्माशेठ, कर्जत’ एवढ्या पत्त्यावर मिळालेला हुकूमनामा टिकत नाही आणि टिकला तरी वसूल होत नाही.

हिंदुस्थानात दावेदाराच्या अडचणी खऱ्या अर्थाने सुरू होतात त्या हुकूमनामा मिळाल्यानंतर, असे निरीक्षण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच नोंदवले होते. साम्राज्य गेले, प्रजासत्ताक आले, निरीक्षण मात्र कायम राहिले. वसुलीची दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, त्याहून अधिक वेळ लागला तर कारणे लिहून ठेवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये बजावले. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने देशभरातील थकलेल्या दरखास्तींची माहिती मागवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये जो आकडा पुढे आला तो ८ लाख ८२ हजारांहून अधिक होता. त्यात सर्वांत मोठा वाटा मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतील न्यायालयांचा, म्हणजे सुमारे ३ लाख ४१ हजारांचा. या प्रत्येक दरखास्तीमागे असा एक पक्षकार आहे की ज्याचे म्हणणे न्यायालयाला पटले आहे आणि ज्याच्या पदरात अद्याप काही पडलेले नाही.

याचे कारण असे की, पैशाचा हुकूमनामा न्यायालय आपणहून वसूल करत नाही. जिंकलेल्याने पुन्हा दरखास्त द्यावी लागते. त्यासाठी बारा वर्षांची मुदत आहे. दरखास्तीत कशावर जप्ती आणायची हेही त्यानेच सांगावे लागते. देणेकऱ्याचे बँक खाते कोणत्या शाखेत आहे, वाहन कोणत्या क्रमांकाचे आहे, सात-बारा कोणत्या गावी आहे, हे शोधण्याचे काम कायद्याने गवंड्यावर टाकले आहे. म्हणून वसुलीची तयारी दाव्याच्या आधी सुरू झाली पाहिजे. ठेकेदाराने दिलेल्या पहिल्या धनादेशाची छायाप्रत ठेवली तर बँक आणि शाखा कळते. त्याच्या गाडीचा क्रमांक वहीत टिपला तर पुढे शोधाशोध करावी लागत नाही. काम चालू असताना ही माहिती सहज मिळते. काम संपल्यावर तीच माहिती मिळवायला वर्ष लागते.

तरीही माहिती हाती नसेल तर संहितेच्या २१ व्या आदेशातील ४१ वा नियम उपयोगी पडतो. हुकूमनामा तीस दिवस फेडला गेला नाही, तर देणेकऱ्याने आपल्या मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे असा हुकूम न्यायालयाकडून मागता येतो. तो मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. याच आदेशातील ४६-अ हा नियम तर बांधकामाच्या धंद्यासाठीच केला असावा असे वाटते. ठेकेदाराचे स्वतःचे असे काही सापडत नाही, परंतु बंगल्याच्या मालकाकडून त्याचे बिल येणे असते. अशा वेळी ते येणेच जप्त करून ‘ठेकेदाराला देऊ नका, न्यायालयात भरा’ अशी नोटीस मालकावर काढता येते. मालमत्ता दुसऱ्या न्यायालयाच्या हद्दीत असेल तर हुकूमनामा तेथे पाठवता येतो. देणेकऱ्याने न्यायालयाबाहेर काही रक्कम दिली तर तिची नोंद न्यायालयात करून घेतली पाहिजे. नोंद न झालेला भरणा न्यायालय जमेस धरत नाही.

या सगळ्या खटपटीचा आर्थिक हिशेब पाहिला म्हणजे रोगाचे मूळ कळते. समजा, एका गवंड्याचे ३८,००० रुपये येणे आहे. दावा आणि दरखास्त मिळून तीन वर्षे गेली आणि व्याज सालीना सहा टक्क्यांनी मिळाले, तर ते होते ६,८४० रुपये. हुकूमनाम्यानंतरच्या काळासाठी संहितेने सामान्यतः सहा टक्क्यांचीच मर्यादा घातली आहे. या तीन वर्षांत पंधरा तारखा पडल्या आणि दर तारखेला ७०० रुपयांची मजुरी बुडाली, तर बुडालेली मजुरी झाली १०,५०० रुपये. एस. टी. चे भाडे, कोर्ट फी आणि टायपिंग वेगळेच. म्हणजे पूर्ण जिंकूनही त्याच्या हाती मूळ रकमेपेक्षा कमीच पडते आणि तेही तीन वर्षांच्या महागाईने झिजलेल्या रुपयांत.

आता हाच हिशेब ठेकेदाराच्या बाजूने मांडावा. त्याने अशा दहा जणांचे प्रत्येकी ३८,००० रुपये थकवले, तर ३ लाख ८० हजार रुपये त्याच्या धंद्यात खेळते राहिले. दहांपैकी दोघेच न्यायालयात गेले, तर त्याला व्याज भरावे लागते दोघांचे, १३,६८० रुपये. उरलेल्या आठ जणांचे ३ लाख ४ हजार रुपये तीन वर्षांनी मुदतीबाहेर जातात आणि मुदलासकट त्याचेच होतात. कोणतीही बँक इतक्या स्वस्तात कर्ज देत नाही. मजुराची थकबाकी हे या धंद्यातील सर्वांत स्वस्त भांडवल आहे. तिला एखाद्या माणसाची लबाडी म्हणणे पुरेसे नाही. कायद्यातील दिरंगाई आणि कष्टकऱ्याचे एकाकीपण यांवर ती पद्धतशीर उभी आहे. एका मजुराने एकट्याने केलेला दावा म्हणूनच ठेकेदाराला भिववत नाही. दहांनी एकदम केलेला दावा मात्र हा सारा हिशेब उलटा करतो. एकाच कामातून उद्भवलेले आणि समान प्रश्न असलेले दावे अनेकांना एकत्र लावता येतात. ते जमले नाही तरी निदान त्यांच्या तारखा एकाच दिवशी मागता येतात.

यातून एक मोठा प्रश्न उभा राहतो. वसुली शासनाने करावी की ज्याची त्याने? या बाबतीत कायदा सर्व येणेकऱ्यांना एका मापाने मोजत नाही. याच परिसरात सदनिकेसाठी पैसे भरलेल्या ग्राहकाला, प्रकल्प नोंदणीस पात्र असेल तर, २०१६ च्या रेरा कायद्याचा आधार आहे. बिल्डरने व्याज वा भरपाई दिली नाही तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. एखाद्या मालाचा वा सेवेचा ग्राहक अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे स्वतः तक्रार करू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आदेश पाळला नाही तर कमीत कमी एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंचवीस हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा २०१९ च्या कायद्यात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेतही, मालकाने ठरवून दिलेली रक्कम भरली नाही तर वसुलीचे प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते.

मग उरतो कोण? ज्याला मजूर म्हणून राबवले आणि पैसे मागताच ‘तू मजूर नव्हेस, तू उक्ता घेणारा ठेकेदार’ असे म्हटले, तो गवंडी. टेंपोवाला, सुतार, दूध आणि भाजी पुरवणारी बाई. ज्याने पैसे दिले त्याच्या मागे शासनाची वसुली यंत्रणा उभी आहे. ज्याने घाम दिला त्याच्या मागे, त्याच्या कष्टाला ‘उक्ता’ हे नाव मिळताच, कोणी उरत नाही. ही विषमता कोणी मुद्दाम आखली असेल असे नव्हे. संघटित ग्राहकांनी आणि संघटित कामगारांनी लढून आपापली कलमे मिळवली. असंघटितांचा कोणी वाली नसल्याने ते १९०८ च्या संहितेतच राहिले.

परंतु वसुली कडक करा, अशी सरधोपट मागणी करण्यापूर्वी समाजवाद्याने एकदा मागे वळून पाहिले पाहिजे. वसुली अवघड करणारी कितीतरी कलमे गरीब देणेकऱ्याच्या रक्षणासाठीच झाली आहेत. संहितेच्या कलम ६० प्रमाणे कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, गुरे आणि बियाणे, मजुराची मजुरी, शेतकरी वा मजूर राहत असलेले स्वतःचे घर, स्वयंपाकाची भांडी, यांवर जप्ती येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीला अटक करता येत नाही. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी असा दंडक घातला की, केवळ पैसे नाहीत म्हणून कोणालाही तुरुंगात टाकता येणार नाही. ऐपत असूनही लबाडीने देणे टाळले, हे सिद्ध व्हावे लागेल. सुप्याच्या दंग्यांपासून सुरू झालेल्या प्रवासाचे हे फळ आहे. ते गमावून चालणार नाही. सावकाराचा वा वित्तसंस्थेचा माणूस एखाद्या कातकऱ्याच्या दारी भांडी उचलायला आला, तर हेच कलम ६० त्याला दाखवायचे आहे.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. अडचण गरीब देणेकऱ्याला मिळणाऱ्या संरक्षणात नाही. ऐपतदार देणेकऱ्याला फुकटात मिळणाऱ्या वेळात ती आहे. केलेल्या कामाच्या लहान रकमेचा हुकूमनामा झाला की, देणेकऱ्याच्या मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र आपोआप मागवले जावे. कलम ६० चे संरक्षण अबाधित ठेवून अशी रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे शासनाने वसूल करावी. हुकूमनाम्यानंतरचे व्याज बाजारातील कर्जाच्या दराहून कमी नसावे, म्हणजे थकवणे किफायतशीर राहणार नाही. लहान दाव्यांच्या तारखा आठवड्यातील एका ठरावीक दिवशी असाव्यात, म्हणजे मजुरी कमी बुडेल. जिल्हाधिकारी कार्यालयाकडे वसुली गेली की सारे सुरळीत होईल, अशा भ्रमात कोणी राहू नये. तेथेही फायली पडून राहतात. परंतु तेथे जाब विचारायला एक सार्वजनिक अधिकारी असतो आणि त्याच्या दारी मोर्चा नेता येतो. खाजगी वसुलीत गवंड्याला जाब विचारायलाही कोणी नसते.

कायदा बदलेपर्यंत थांबण्याची मात्र गरज नाही. प्रत्येक तालुक्यात कार्यकर्त्यांनी एक नोंदवही घालावी. कोणाचे, कोणाकडे, कोणत्या कामाचे, किती येणे आहे आणि तीन वर्षे केव्हा पुरी होतात, एवढेच तीत लिहावे. एकाच ठेकेदाराचे नाव तीत पाचदा आले की पाचही जणांना एकत्र बसवावे. नोटीस लिहून द्यावी. तारखेला कोणीतरी सोबत जावे आणि रोजनाम्यात काय लिहिले गेले ते वाचून सांगावे. वाचता न येणाऱ्या माणसाची तारीख चुकते ती आळसाने नव्हे, सांगणारे कोणी नसते म्हणून.

लोकअदालतीत तडजोड होत असेल तर तिचा विचार जरूर करावा. तेथील निवाडा हुकूमनाम्याच्याच बरोबरीचा असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. मात्र ३८ हजारांचे २५ हजार घेण्याचे ठरले, तर ते त्याच दिवशी हातात पडतील की हप्त्यांनी, हे आधी पाहावे. रोख पंचवीस हजार ही तडजोड असू शकते. बारा हप्त्यांचे पंचवीस हजार म्हणजे पुन्हा एक दरखास्त असण्याचा संभव अधिक. निर्णय ज्याचे पैसे आहेत त्याने घ्यावा, हिशेब मात्र त्याच्यापुढे पुरा मांडावा.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम राज्यघटनेत आले. आर्थिक दुबळेपणामुळे कोणालाही न्याय नाकारला जाऊ नये, असे ते सांगते. न्याय नाकारणे म्हणजे केवळ दार बंद करणे नव्हे. माणसाला आत घेऊन, त्याचे म्हणणे खरे ठरवून, त्याच्या हाती कागद देऊन रिकाम्या हाताने घरी पाठवणे, हेही नाकारणेच होय. कर्जत-खालापुरातील एखाद्या वाडीवरच्या दहा माणसांचे बुडालेले पैसे एकदा संघटितपणे वसूल झाले, तर अकराव्याचे पैसे थकवताना ठेकेदार विचार करील. तेवढे काम दोन तालुक्यांच्या कार्यकर्त्यांच्या आवाक्यातले आहे आणि ते त्यांनी या पावसाळ्यानंतरच्या बांधकामाच्या हंगामापासूनच हाती घ्यावे.